तल्लख मूल की स्वमग्न मूल: साडेपाच वर्षांच्या मुलाच्या आईला सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. साडेपाच वर्षांचा मुलगा, तिसरा वाढदिवस होण्याआधीच कोणी न शिकवता मराठी आणि इंग्रजी अक्षरे वाचू लागला. आता बहुतेक देशांचे झेंडे आणि राजधान्या, आणि गावाच्या स्थानकावरून जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक त्याला पाठ आहेत, आणि दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही तो ते सांगत बसतो. शाळेत मात्र तो एकटाच कोपऱ्यात खेळतो, स्नेहसंमेलनात कानांवर हात ठेवून रडत बाहेर आला, आणि ठरलेला बेत बदलला की तासभर सावरत नाही. वर्गाच्या बाईंनी 'एकदा ऑटिझमसाठी (म्हणजे स्वमग्नतेसाठी) दाखवून घ्या' असे सुचवले, डॉक्टरांनी 'मूल असामान्य बुद्धीचे आहे, वर्गात कंटाळते' असे सांगितले, आणि आजींचे म्हणणे असे की तो मामावर गेला आहे, मामाही उशिराच माणसांत आला. यांपैकी खरे काय, आणि त्याला एक इयत्ता पुढे बसवल्याने प्रश्न सुटेल का, असे आपण विचारले आहे.

मुलाला न भेटता निदान सांगणे योग्य नाही आणि ते मी येथे करणार नाही. परंतु गेली २२ वर्षे मुलांच्या मानसशास्त्रीय तपासणीचे काम करत असल्याने, असा प्रश्न समोर आला की मी कोणत्या क्रमाने विचार करते, कशाला वजन देते आणि कशाला देत नाही, हे नीट सांगू शकते. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'हे की ते' ही मांडणीच आपल्याला अडचणीत आणते. एखादे मूल उंच आहे की डावखुरे आहे, असे आपण विचारत नाही, कारण उंची ही एक बाब आणि हाताची सवय ही वेगळी बाब असते. बुद्धीची झेप आणि स्वमग्नता यांचेही तसेच आहे. स्वमग्नतेचे निदान दोन गोष्टींवर उभे असते: माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीतला मूलभूत वेगळेपणा आणि वागण्यातला, आवडींतला किंवा संवेदनांतला ठरावीकपणा. या दोन्ही गोष्टी लहानपणापासून असाव्या लागतात आणि त्यांमुळे रोजच्या जगण्यात अडथळा यावा लागतो. मूल किती हुशार आहे, हा प्रश्न या व्याख्येत येतच नाही. म्हणून आपल्या मुलाच्या बाबतीत खरे प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरे स्वतंत्रपणे शोधावी लागतील. दोन्हींचे उत्तर 'होय' असू शकते, दोन्हींचे 'नाही' असू शकते.

हे काही अलीकडचे मत नाही. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले, त्यांतल्या अनेकांच्या विलक्षण पाठांतराची त्यांनी मुद्दाम नोंद केली होती. पुढच्याच वर्षी व्हिएन्नामध्ये बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी वर्णन केलेली मुले तर आपल्या आवडीच्या विषयावर प्राध्यापकासारखी बोलत असत. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे 'आस्पर्गर सिंड्रोम' हे वेगळे निदान २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणातून काढून ते स्वमग्नतेच्या एकाच वर्णपटात सामावले गेले, तरी जुने नाव अजूनही कानावर येते आणि पालक गोंधळतात. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांच्या २०२० च्या पाहणीत, ज्यांच्या बुद्ध्यंकाची नोंद उपलब्ध होती अशा स्वमग्न मुलांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांचा बुद्ध्यंक (ज्याची सरासरी १०० धरतात) ७० किंवा त्याहून कमी होता. याचाच अर्थ, उरलेल्या बहुसंख्य मुलांचा तो त्यापेक्षा वर होता. त्यामुळे 'एवढा हुशार मुलगा स्वमग्न कसा असेल' हा युक्तिवाद मी बाजूला ठेवते, आणि 'एवढे पाठ आहे म्हणजे स्वमग्नच असणार' हाही.

मग गोंधळ होतो कुठे? दोन्ही प्रकारची मुले बाहेरून पुष्कळदा सारखी दिसतात. एकाच विषयात बुडून जाणे, मोठ्यांशी बोलण्याची ओढ, वयापुढचे शब्द, अन्याय किंवा चूक सहन न होणे, आवाजाचा त्रास, बरोबरीच्या मुलांपासून दूर राहणे, हे सगळे दोन्हींकडे आढळते. म्हणून मूल काय करते याची यादी करून आपण फार पुढे जात नाही. तेच वागणे कुठून येते, हे पाहावे लागते. कोपऱ्यात एकटे खेळणारे तल्लख मूल कदाचित यासाठी एकटे असेल, की त्याने मांडलेल्या खेळाचे नियम इतरांना कळत नाहीत. त्याला सोबत हवी आहे, पण ती मिळत नाही. स्वमग्न मूल एकटे असते तेव्हा चाललेल्या खेळात शिरायचे कसे, हेच त्याला उमगत नसते. कधी शिरल्यावर होणारा गलबला सोसवत नाही, आणि कधी एकटेपणा त्याला खरोखरच आवडतो. फोटो काढला तर ही सगळी मुले सारखीच दिसतील.

माझी चौकशी नेहमी दुसऱ्या वर्षापासून सुरू होते, कारण मुलाची हुशारी सर्वांच्या डोळ्यांत भरण्याआधीचा तो काळ असतो. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल नुसते मागण्यासाठी बोट दाखवत नाही. आभाळातला चंद्र किंवा रस्त्यावरची गाय 'बघ ना' म्हणून दाखवते आणि आपण पाहतो की नाही हे आपल्या चेहऱ्याकडे वळून तपासते. सापडलेली वस्तू आणून आपल्या हातात देते, हाकेला मान वळवते, रिकाम्या वाटीतून बाहुलीला भरवते. पुढे असामान्य बुद्धीचे निघणारे मूल हे सर्व साधारणतः वेळेवर, कधी वेळेच्या आधीच करते. स्वमग्न मुलात यांतले बरेच काही उशिरा, तुटक किंवा ठरावीक रीतीने येते, जरी त्याच वयात ते अक्षरे ओळखू लागलेले असले तरी.

पालकांची आठवण येथे फार भरवशाची नसते. प्रेमाने आणि काळाने ती गुळगुळीत होते. म्हणून मी जुने व्हिडिओ मागते. १९९४ मध्ये ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन या संशोधकांनी पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या होत्या. त्यांत पुढे स्वमग्नतेचे निदान झालेली ११ मुले होती आणि सर्वसाधारण वाढीची ११. इतरांच्या चेहऱ्याकडे पाहणे, वस्तू दाखवणे, बोट दाखवणे आणि हाकेला वळणे, एवढ्या चार गोष्टींवरून दोन गटांतली बहुतेक मुले वेगळी ओळखता आली, आणि त्यांत सर्वांत बोलका ठरला तो इतरांच्या चेहऱ्याकडे पाहणे हा मुद्दा. आपल्याकडे याच कामाला बोरन्हाणाचा व्हिडिओ फार उपयोगी पडतो. भोवती मुलांचा गोंगाट, डोक्यावरून बोरे, चुरमुरे आणि गोळ्या ओतल्या जात आहेत, अंगावर हलव्याचे दागिने टोचत आहेत. मूल रडले की हसले याला मी महत्त्व देत नाही, कारण कित्येक मुले घाबरून रडतात. ते रडताना कोणाकडे पाहते, इतर मुले बोरे वेचायला धावली की त्यांच्याकडे बघते का, हातात आलेली गोळी आईला दाखवते का, की पसाऱ्यातून एकच प्रकार वेगळा काढून ओळीने मांडत बसते, हे मी पाहते. आपल्याकडे असा एखादा व्हिडिओ असेल तर तो जपून ठेवा. तपासणीच्या दिवशी तो कोणत्याही प्रश्नावलीइतकाच मोलाचा ठरेल.

आता आवडीच्या विषयाकडे येते, कारण आपला बराचसा मजकूर त्याविषयी आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही तेथेच आहेत. विषय कोणता आहे किंवा त्यातले किती पाठ आहे, यावरून मला फारसे काही कळत नाही. त्या विषयासह मूल समोरच्या माणसाकडे कसे येते, हे मी पाहते. रेल्वेचे वेड असलेली दोन मुले काही महिन्यांच्या अंतराने माझ्याकडे आली होती. दोघेही सहा वर्षांचे आणि दोघांनाही वेळापत्रक तोंडपाठ. दोघांनाही मी विचारले की मला पुण्याहून कोल्हापूरला जायचे आहे, तर कोणती गाडी धरू? पहिल्याने सगळ्या गाड्यांची नावे, क्रमांक आणि वाटेतली स्थानके क्रमाने सांगायला सुरुवात केली. मी मध्येच 'मला प्रवासात मळमळते' असे म्हणाले, घड्याळाकडे पाहिले, पेन खाली ठेवले, तरी त्याचे सांगणे त्याच लयीत पुढे चालू राहिले. मी मुद्दाम एक क्रमांक चुकीचा उच्चारला, तेव्हा तो तत्काळ थांबला आणि तेवढी चूक दुरुस्त करून पुन्हा पुढे निघाला. दुसऱ्या मुलाने आधी मलाच विचारले, 'तुम्हांला गाडीत झोप लागते का?' लागते असे सांगितल्यावर तो म्हणाला की मग रात्रीची महालक्ष्मी बरी, दिवसा जायचे असेल तर कोयना. मळमळण्याचे ऐकल्यावर त्याने मला खिडकीजवळची जागा घ्यायला सांगितले आणि कोल्हापूरला माझे कोण राहते हेही विचारून घेतले.

माहिती दोघांकडे सारखीच होती. फरक इतकाच की दुसऱ्या मुलाच्या बोलण्यात मी होते आणि माझ्यामुळे त्याचे बोलणे वळत होते. पहिल्या मुलाच्या बोलण्यात माझी जागा श्रोत्याची होती, आणि तेथे कोणीही असते तरी चालले असते. मी या एका गोष्टीला सर्वाधिक वजन देते. समोरच्याचा चेहरा, त्याचा कंटाळा, त्याची गरज यांमुळे मुलाचे बोलणे बदलते का, आणि हे बदलणे आपोआप घडते की सांगितल्यावरच? आपण कुरिअरवाल्याचा उल्लेख केला आहे, तो मी या दृष्टीने लक्षात घेतला. तो मनुष्य निघायच्या घाईत असल्याचे मुलाच्या ध्यानात येते का, एवढे आपण पुढच्या वेळी बारकाईने पाहावे.

मात्र पहिल्या मुलाविषयी एवढेच सांगून थांबले तर त्याच्यावर अन्याय होईल. तो दुसऱ्या भेटीला आला तेव्हा त्याने माझ्यासाठी पुणे ते कोल्हापूरचे वेळापत्रक स्वतःच्या हाताने लिहून आणले होते, रंगीत पेन्सिलींनी, एकही चूक न करता. मी जायचे आहे असे म्हटल्याचे त्याने लक्षात ठेवले होते. स्वमग्न मुलांना माणसे नकोशी असतात, ही समजूत चुकीची आहे. त्यांची जवळ येण्याची रीत आपल्या रीतीपेक्षा वेगळी असते, आणि ती न ओळखण्याची चूक पुष्कळदा आपल्या बाजूनेही होते. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये हाच मुद्दा मांडला: न समजणे हे दोन्ही बाजूंनी असते.

मराठी घरात आणखी एक खूण भाषेतून मिळते. आपल्या भाषेत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांची निवड माणूस पाहून करावी लागते, आणि बाबांना 'अहो' म्हणायचे की 'अरे' हे घरोघरी वेगळे असते. बोलण्यात पुढे असलेले तल्लख मूल हे फार लवकर टिपते, इतके की रुसल्यावर आईलाच 'तुम्ही' म्हणून चिडवते. स्वमग्न मूल शब्दसंपत्तीत त्याच्या बरोबरीचे असले तरी कधी सर्वांना एकाच रूपाने हाक मारते, कधी पुस्तकातल्यासारखे बोलते, कधी यूट्यूबवरच्या मुलांच्या कार्यक्रमातले इंग्रजी त्याच हेलासह बोलते, जरी घरात तसे कोणीच बोलत नसले तरी. स्वतःला पाणी हवे असताना 'तुला पाणी हवंय का?' असे आपलेच वाक्य परत म्हणणे हे दोन वर्षांच्या कोणत्याही मुलात ऐकू येते, पण चौथ्या-पाचव्या वर्षी टिकून राहिले तर ते नोंदवून ठेवावे. येथे परिस्थितीचा भाग मोठा आहे. घरात तीन भाषा असतील, मूल एकुलते असेल, कोविडच्या टाळेबंदीच्या आसपास जन्मले असेल आणि पहिली दोन वर्षे त्याने घराबाहेरची मुलेच पाहिली नसतील, तर यांतल्या प्रत्येक खुणेचे वजन मी कमी धरते.

लवकर वाचणे ही गोष्टही मी दोन भागांत पाहते. अक्षरे फोडून वाचता येणे वेगळे आणि वाचलेले उमगणे वेगळे. या दोहोंत मोठी तफावत असलेल्या, म्हणजे आकलनाच्या मानाने वाचन फार पुढे गेलेल्या मुलांसाठी १९६७ पासून हायपरलेक्सिया हा शब्द वापरात आहे, आणि स्वमग्न मुलांत ही तफावत बऱ्याचदा दिसते. मी मुलाला चार ओळींची गोष्ट वाचायला देते. आजीला गावाला जायचे असते, नात तिच्या चष्म्याची डबी उशीखाली लपवते, आजी सगळीकडे शोधते, गाडी चुकते आणि नात हळूच हसते. 'डबी कुठे होती?' याचे उत्तर सगळीच मुले देतात. 'तिने ती का लपवली?' येथे फरक पडू लागतो. आजीने जाऊ नये म्हणून, हे गोष्टीत कुठेच लिहिलेले नाही.

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याच्या चाचण्या १९८५ पासून प्रसिद्ध आहेत, आणि 'त्याने ती चाचणी सहज सोडवली, म्हणजे स्वमग्नता नाही' असे मी अनेकदा ऐकले आहे. ते बरोबर नाही. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का हॅपे यांनी दाखवले की अशा चाचणीतल्या ज्या कोड्यासाठी सर्वसाधारण मुलांना चार वर्षांच्या पातळीची भाषा पुरते, त्यासाठी स्वमग्न मुलांना सुमारे नऊ वर्षांच्या पातळीची भाषा लागते. म्हणजे बुद्धिमान स्वमग्न मूल ते कोडे गणितासारखे सोडवू शकते. वर्गात पाच मुले एकदम बोलत असताना मात्र गणित मांडायला वेळ नसतो, आणि अडचण तेथे येते.

म्हणून मी कधीही एकाच ठिकाणचे चित्र प्रमाण मानत नाही. मोठी माणसे मुलाला सांभाळून घेतात, विषय त्याच्या आवडीचा ठेवतात, थांबून ऐकतात, त्यामुळे माझ्या खोलीत उत्तम बोलणारे मूल मधल्या सुट्टीत हरवलेले असू शकते. उलट बाजूचाही अनुभव सांगते. एका मुलाला शाळेने जवळजवळ निदानच करून पाठवले होते, कारण तो कोणाशी बोलत नसे आणि अभ्यासपत्रिका फाडून टाकत असे. त्याचा सुट्टीतला व्हिडिओ पाहिला तेव्हा तो दहा वर्षांच्या मावसभावांबरोबर स्वतः रचलेला खेळ खेळत होता, कोणी हरू लागले की नियम थोडे वाकवत होता, आणि सर्वांत धाकट्या बहिणीला मुद्दाम जिंकू देत होता. बुद्धीने बरोबरीची मुले मिळाली की ज्याची अडचण विरघळते, त्याची अडचण बहुधा एकटेपणाची असते. न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी १८० च्या पुढील बुद्ध्यंकाच्या मुलांचा जो अभ्यास केला, त्यात अशा मुलांचे एकटेपण मुख्यतः बरोबरीचे कोणी न मिळण्यातून येते असेच त्यांना दिसले होते. स्वमग्न मुलाला जुळणारी सोबत मिळाली तर तेही खुलते, पण संवादातला मूळ वेगळेपणा तेथेही थोडाफार दिसत राहतो. आपल्या मुलाला मोठ्या, समजूतदार मुलांबरोबर चार-पाच वेळा खेळताना पाहावे, आणि विषय झेंडे किंवा गाड्या हा नसावा.

आवाजाचा त्रास आणि बेत बदलल्यावरचा कोलमडणारा मूड, या दोन गोष्टींनी आपण सर्वाधिक धास्तावलेल्या दिसता. एकट्या आवाजाच्या त्रासावरून मी काहीच ठरवत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर आणि विसर्जनाचे ढोल-ताशे पुष्कळ संवेदनशील मुलांना सोसत नाहीत. बेत बदलण्याच्या बाबतीत मात्र एक फरक पाहण्यासारखा असतो. कारण सांगितल्यावर तल्लख मूल रडत का होईना, पण वाटाघाट करते, 'मग उद्या दोनदा नेशील का' असे विचारते. स्वमग्न मुलाला कारण पूर्ण पटले तरी त्याच्या शरीराची घालमेल शमत नाही. तो हट्ट नसतो आणि रागावून तो आवरता येत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी सात वर्षांची एक मुलगी आली होती. भाषा अतिशय सुंदर, नजरेला नजर देऊन बोलणारी, कविता करणारी. आईची काळजी मी ऐकून घेतली आणि मुलगी बुद्धिमान व हळवी आहे, काळजी नको, असे सांगून त्यांना परत पाठवले. ती तेराव्या वर्षी पुन्हा आली तेव्हा तिने शाळेत जाणे थांबवले होते. तिने मला सांगितले की रोज सकाळी न्हाणीघरात ती दिवसभर बोलायची वाक्ये पाठ करत असे आणि वर्गातल्या एका मुलीचे हसणे तिने आरशासमोर शिकून घेतले होते. सहा वर्षे ती हे करत होती आणि तिच्या बुद्धीमुळेच ते कोणाला दिसले नव्हते, मलाही नाही. मुलींमध्ये हे झाकणे अधिक आढळते, पण मुलांतही असते. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला विचारते की शाळेतून घरी आल्यावर पहिल्या तासात काय होते. शाळेत 'अगदी शहाणे' असलेले मूल घरी येऊन रोज कोसळत असेल, तर ते शहाणपण त्याला फार महाग पडते आहे. त्या कुटुंबाला सहा वर्षे आधी मिळू शकणारी मदत माझ्या सांगण्यामुळे मिळाली नाही, हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच 'हुशार आहे, होईल सगळे नीट' हे वाक्य मी आता तपासणीशिवाय उच्चारत नाही.

चाचण्यांविषयी थोडक्यात. बुद्धिमापनासाठी आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केलेली बिने-कामत कसोटी आणि नागपूरच्या ए. जे. मॅलिन यांची १९६९ ची भारतीय मुलांसाठीची कसोटी अजूनही वापरतात. त्यांचे निकष जुने असल्याने बुद्ध्यंक फुगून येऊ शकतो. म्हणून कोणी १५० चा आकडा सांगितला तर हुरळून जाऊ नये. शिवाय पाठांतर म्हणजे प्रज्ञा नव्हे. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धीच्या अनेक पैलूंचा विचार करणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या प्रतिमानाचा आधार घेतला, त्यामागेही हाच विचार आहे. आकड्यापेक्षा मला बुद्ध्यंक आणि रोजच्या जगण्यातले सामाजिक वय यांतले अंतर अधिक सांगून जाते. त्यासाठी मॅलिन यांनीच केलेले व्हाइनलँड मापनश्रेणीचे नागपूर रूपांतर आहे, ज्यात स्वतः कपडे घालणे, जेवणे, शेजारी निरोप पोचवणे अशा गोष्टींची आईकडून माहिती घेतात. बुद्धी नऊ वर्षांची आणि रोजचे व्यवहार चार वर्षांचे, असे मोठे अंतर दिसले तर मी स्वमग्नतेच्या शक्यतेकडे अधिक गांभीर्याने पाहते. अर्थात ज्या घरात आजी साडेपाच वर्षांच्या नातवाला अजून भरवते, तेथे हे अंतर आपणच तयार केलेले असते.

स्वमग्नतेसाठी भारतात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या कामी जी मापनश्रेणी वापरतात, तिच्यात ४० मुद्दे असून ७० गुणांपासून स्वमग्नता धरली जाते. बोलक्या, बुद्धिमान मुलाचे गुण त्याखाली आले म्हणून स्वमग्नता नाही, असा निष्कर्ष मी काढत नाही. तो कागद शासकीय लाभांसाठी आहे, मुलाला समजून घेण्यासाठी पुरेसा नाही. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसशास्त्रज्ञ यांनी दीड-दोन तास मुलाशी खेळून, आपल्याशी सविस्तर बोलून आणि शाळेकडून माहिती घेऊन केलेली तपासणी हवी. तिच्याआधी कानांची तपासणी करून घ्यावी, कारण कमी ऐकू येणारे हुशार मूल वर्षानुवर्षे निसटते. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. ही केंद्रे ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहेत, त्याची सुरुवात २०१३ मध्ये पालघरहून झाली होती.

आपल्या मजकुरावरून मला काय वाटते, ते जपून सांगते. झेंडे आणि क्रमांक यांवरून त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे एवढेच कळते. बुद्धीची झेप किती, हे अजून कोणी पाहिलेले नाही. एकटे खेळणे, आवाजाचा त्रास आणि बदल न सोसणे या तिन्ही गोष्टी एकत्र येत असल्याने बाईंची सूचना मला रास्त वाटते, आणि ती त्यांनी धीर करून दिली याबद्दल त्यांच्यावर रागावू नये. दुसऱ्या वर्षी तो आपल्याला गोष्टी आणून दाखवत होता का, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. तपासणी होईपर्यंत बाईंना सांगून त्याला गोंगाटाच्या कार्यक्रमात दाराजवळची जागा मिळावी, बदलाची सूचना आदल्या दिवशी चित्र काढून द्यावी, आणि मधल्या सुट्टीत एकाच शांत मुलाबरोबर जोडी करून द्यावी. यासाठी निदानाची वाट पाहावी लागत नाही, आणि पुढे निदान काहीही झाले तरी याने नुकसान होत नाही.

एक इयत्ता पुढे बसवण्याविषयी: आत्ता नको. त्याला गणित किंवा वाचन वरच्या वर्गाचे देता येईल, तासापुरते त्या वर्गात बसवताही येईल, परंतु अडचण संवादाची निघाली तर वर्षाने मोठ्या मुलांत ती वाढेल, आणि अडचण केवळ कंटाळ्याची निघाली तर तपासणीनंतर हा निर्णय आपण अधिक खात्रीने घेऊ शकाल. तपासणीला नेताना त्याला 'डॉक्टरकडे जायचे आहे' एवढेच सांगून नेऊ नका. तू कसा विचार करतोस आणि तुला काय अवघड जाते हे एका मावशींना समजून घ्यायचे आहे, तेथे सुई टोचत नाहीत, खेळ आणि कोडी असतील, आणि सुमारे दोन तास लागतील, असे आदल्या दिवशी सांगा. झेंड्यांचे पुस्तक बरोबर असू द्या, पण ते पिशवीत ठेवा. पहिला अर्धा तास ते बाहेर न काढता तो काय करतो, हे आम्हांला पाहायचे असते.